दर नंतर बघा, आधी तारखा बघा

अमेरिकेत मेडिकेअरचा, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, नवा नियम आला की होम हेल्थमधले लोक आधी एकच गोष्ट शोधतात: यंदा किती टक्के कापले? आकडा कळला की दोन दिवस हळहळ, मग जो तो आपल्या कामाला. पुढच्या पानांत कुठली मुदत बदलली आणि दिवस कुठून मोजायचे हे वाचायला कुणाला सवड नसते, आणि घरी सेवा पुरवणारी एजन्सी बुडते ती बहुतेक वेळा तिथेच. टक्के कापले तर सगळ्यांचेच कापले जातात. तारीख चुकली तर ती एकट्या तुमची चुकते.

आधी एक घोळ मिटवू. ‘होम केअर’ या एका नावाखाली दोन वेगळे धंदे चालतात. पहिला होम हेल्थचा: डॉक्टरच्या ऑर्डरवर नर्स किंवा थेरपिस्ट घरी जातात आणि पैसे मुख्यतः मेडिकेअर देतं. दुसरा पर्सनल केअरचा: अंघोळ, कपडे, जेवण, उठवणं-बसवणं. याचे पैसे मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांची सरकारी योजना) देतं किंवा घरचे लोक खिशातून देतात. नुसती दीर्घकाळची देखभाल हवी असेल तर मेडिकेअर त्याचे पैसे देत नाही, आणि ही गोष्ट घरच्यांना पहिल्याच फोनवर सांगितलेली बरी. दोन्ही धंद्यांचे नियम वेगळे, पण दोन्हीकडे मार बसतो तो वेळेच्या हिशेबातच.

होम हेल्थमधला अलीकडचा सर्वांत मोठा बदल १ जानेवारी २०२० चा, पीडीजीएम नावाची पैसे देण्याची नवी पद्धत. त्याआधी पैसे ६० दिवसांच्या एपिसोडवर (सेवेच्या टप्प्यावर) मिळत आणि थेरपीच्या व्हिजिटची संख्या वाढली की रक्कमही वाढे. २०१८ च्या अर्थसंकल्पी कायद्याने थेरपीचा तो हिशेब बंद करायला लावला आणि ३० दिवसांचा कालखंड आणला. आता प्रत्येक कालखंड ४३२ गटांपैकी एकात बसतो. पेशंट कुठून आला (गेल्या १४ दिवसांत हॉस्पिटलसारख्या संस्थेत होता की थेट घरून), पहिला महिना की नंतरचा, आजाराचे १२ वर्ग, हालचालीच्या तीन पातळ्या, सोबतच्या आजारांच्या तीन. दोन गुणिले दोन गुणिले बारा गुणिले तीन गुणिले तीन, झाले ४३२.

खरी गंमत अशी की पैसे ३० दिवसांचे झाले, पण सर्टिफिकेशन (सेवेची गरज आहे असा डॉक्टरचा दाखला) आणि प्लॅन ऑफ केअर (उपचाराची योजना) ६० दिवसांचेच राहिले. त्यामुळे एकाच फाइलवर दोन घड्याळं चालतात. समजा स्टार्ट ऑफ केअर, म्हणजे सेवा सुरू होणं, १ मार्चला झालं. पहिला कालखंड १ ते ३० मार्च, दुसरा ३१ मार्च ते २९ एप्रिल. ओअ‍ॅसिस असेसमेंट, म्हणजे पेशंटच्या स्थितीची ठरलेली प्रश्नावली, ६ मार्चपर्यंत पूर्ण हवं. नोटीस ऑफ अ‍ॅडमिशन, म्हणजे पेशंट दाखल केल्याची मेडिकेअरला सूचना (एनओए), तीही ६ मार्चपर्यंत. फेस-टू-फेस, म्हणजे डॉक्टरशी समोरासमोर, भेट आधीच्या ९० दिवसांत झालेली नसेल तर ३१ मार्चच्या आत. सेवा पुढे चालू ठेवायची असेल तर रिसर्टचं (पुढच्या सर्टिफिकेशनचं) ओअ‍ॅसिस शेवटच्या पाच दिवसांतच, २५ ते २९ एप्रिल. २४ तारखेला केलं तर लवकर, ३० ला केलं तर उशिरा. नर्सची रजा, पेशंटची नात आली, पाऊस, काहीही असो, खिडकी पाचच दिवस उघडी असते.

एनओएवर जरा थांबू, कारण इथे पैसे सर्वांत फुकट जातात. पूर्वी काम सुरू होताच एजन्सीला रॅप नावाच्या मागणीवर आगाऊ रक्कम मिळायची. २०२० मध्ये ती २० टक्क्यांवर आली, २०२१ मध्ये शून्य झाली, आणि २०२२ पासून रॅप जाऊन एनओए आली. तिच्यावर एक पैसा मिळत नाही, पण उशीर झाला तर कापतात मात्र. मुदत पाच दिवसांची, आणि शनिवार-रविवार त्यात धरलेले. आता यातली मेख बघा. दंड सहाव्या दिवसापासून मोजत नाहीत, थेट स्टार्ट ऑफ केअरच्या दिवसापासून मोजतात. एनओए ६ मार्चऐवजी ९ ला गेली, म्हणजे आपल्या लेखी उशीर तीन दिवसांचा. दंड मात्र १ ते ८ मार्च असा आठ दिवसांचा. कालखंडाची रक्कम २,००० डॉलर असेल तर रोज तिसावा हिस्सा याप्रमाणे ५३३ डॉलर गेले. ते पेशंटकडून वसूल करता येत नाहीत.

उशीर का होतो? आळसामुळे क्वचितच. बहुतेक ऑफिसांत बिलिंगवाले डॉक्टरच्या सहीची वाट पाहत बसतात. एनओएला सही केलेला प्लॅन लागत नाही आणि पूर्ण झालेलं ओअ‍ॅसिसही लागत नाही. डॉक्टरची तोंडी ऑर्डर नीट नोंदवलेली असली आणि पहिली व्हिजिट झालेली असली की एनओए पाठवता येते. सही लागते ती अंतिम क्लेमला. ‘सही नाही, क्लेम नाही’ हा नियम लोकांनी इतका घोकलेला असतो की तो एनओएलाही लावतात. म्हणून इनटेकच्या, म्हणजे नवा पेशंट घेतानाच्या, यादीत ‘एनओए गेली का’ हा रकाना ‘सही आली का’च्या वर ठेवावा. क्रम उलटा असेल तर चूक ठरलेलीच.

दुसरं कारण पेशंटच्या कव्हरेजमध्ये असतं. आधीच्या एजन्सीने त्याला डिस्चार्जच केलेलं नसतं, किंवा तो मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेजच्या खासगी कंपनीने चालवलेल्या प्लॅनमधून मूळ, सरकारी मेडिकेअरमध्ये परत आलेला असतो. प्लॅन असा बदलला की जुन्या कागदांवर काम चालत नाही. नवं स्टार्ट ऑफ केअर, नवं ओअ‍ॅसिस, नवी एनओए. बहुतेक लोकांचे प्लॅन १ जानेवारीला बदलतात आणि नेमकं त्याच आठवड्यात ऑफिस अर्धं रिकामं असतं. चालू पेशंट कितीही जुना असो, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळ्यांची एलिजिबिलिटी (कुणाचं कोणतं कव्हरेज चालू आहे) तपासावी. जानेवारीत तर १ तारीख सुट्टीची असली तरी.

आता लूपा, म्हणजे व्हिजिट कमी पडल्या की होणारी कपात. प्रत्येक गटाला कमीत कमी व्हिजिटची एक पायरी असते, २ ते ६ यांपैकी. कालखंडातल्या व्हिजिट तिच्याखाली राहिल्या तर पूर्ण रक्कम जाते आणि सुट्या व्हिजिटचे पैसे मिळतात. नर्सची ऑर्डर अशी धरा: पहिल्या आठवड्यात तीन, पुढचे तीन आठवडे दोन-दोन, मग आठवड्याला एक. पहिला महिना भरगच्च. दुसऱ्या कालखंडात नेमक्या चार व्हिजिट येतात आणि त्या गटाची पायरीही चार. एका मंगळवारी पेशंट डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला, नर्स दारावरून परत आली, व्हिजिट ‘मिस्ड’ म्हणून नोंदली गेली, डॉक्टरला कळवलं, फाइल बंद. कागदोपत्री सगळं चोख. पण उरल्या तीनच. १,६०० डॉलरच्या जागी प्रत्येकी पावणेदोनशेच्या आसपास, म्हणजे सव्वापाचशे डॉलर हाती पडले.

यावर काही एजन्सी महिन्याच्या शेवटी एक जादा व्हिजिट चिकटवतात. हे करू नये. पायरी ओलांडण्याच्या दिवशीच ज्यांच्या व्हिजिट एकदम वाढतात अशा एजन्सी ऑडिटवाल्यांना आकडेवारीत लगेच दिसतात, आणि ज्या व्हिजिटला वैद्यकीय कारण नाही तिचे पैसे मागणं ही लबाडीच. सरळ उपाय शेड्युलिंगच्या टेबलावर आहे. हुकलेली व्हिजिट ऑर्डरच्या त्याच आठवड्यात दुसऱ्या दिवशी लावायची. त्यासाठी शेड्युलरच्या स्क्रीनवर प्रत्येक पेशंटपुढे तीन आकडे हवेत: कालखंडाची पायरी, झालेल्या व्हिजिट, उरलेले दिवस. बऱ्याच ठिकाणी पायरी फक्त बिलिंगला माहीत असते आणि बिलिंगला ती आठवते महिना संपल्यावर!

कोडिंगचं, म्हणजे आजाराला ठरलेला कोड देण्याचं, थोडक्यात सांगतो. ‘स्नायूंचा अशक्तपणा’, म्हणजे एम६२.८१, हा मुख्य आजार म्हणून पीडीजीएममध्ये चालत नाही, क्लेम परत येतो. रेफरलवर मात्र डॉक्टर अजूनही तेच लिहितात. स्नायू कशामुळे कमकुवत झाले हे इनटेकच्याच दिवशी विचारून घ्यावं, कारण महिन्याभराने विचारलं तर उत्तर यायला आणखी महिना लागतो. फेस-टू-फेसची नोंदही त्याच मुख्य कारणाशी जुळायला हवी. गुडघ्यासाठी होम हेल्थ आणि भेटीची नोट रक्तदाबाच्या गोळ्यांची, असं झालं तर तारीख बरोबर असूनही क्लेम टिकत नाही. २०२० च्या केअर्स कायद्यापासून नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंट सर्टिफाय करू शकतात. राज्याचा कायदा परवानगी देत असेल तर ही सोय जरूर वापरावी, सह्या लवकर येतात.

टक्क्यांबद्दलही बोलायला हवं. पीडीजीएम आल्यावर एजन्सींचं वागणं आधी धरलेल्या अंदाजापेक्षा वेगळं निघालं म्हणून मेडिकेअरने मूळ दरात कायमच्या कपाती केल्या: २०२३ ला ३.९२५ टक्के, २०२४ ला २.८९०, २०२५ ला १.९७५. महागाईची वाढ वेगळी मिळत गेल्याने ठळक मथळा दरवेळी इतका वाईट दिसला नाही. वर व्हॅल्यू-बेस्ड पर्चेसिंग, म्हणजे कामगिरी बघून पैसे कमी-जास्त करणं. आधी नऊ राज्यांत होतं, २०२३ पासून देशभर. त्यात कामगिरीचं वर्ष आणि पैशाचं वर्ष यांत दोन वर्षांचं अंतर असतं. २०२३ मधल्या ओअ‍ॅसिसच्या उत्तरांवर आणि इतर मोजमापांवर २०२५ चे पैसे पाच टक्क्यांपर्यंत वर किंवा खाली गेले. आज घाईत भरलेल्या ओअ‍ॅसिसचा भुर्दंड येईल तेव्हा भरणारी नर्स कदाचित दुसरीकडे नोकरीला असेल. शिवाय १ जुलै २०२५ पासून पैसे देणारा कुणीही असो, ओअ‍ॅसिस पाठवणं बंधनकारक आहे. मेडिकेअरचे निम्म्याहून अधिक लाभार्थी आता अ‍ॅडव्हान्टेज प्लॅनमध्ये आहेत. तिथे बऱ्याचदा दर व्हिजिटमागे पैसे, आधी ऑथोरायझेशन (मंजुरी), आणि तेही थोड्याच व्हिजिटचं. म्हणजे कागद सारखाच, पैसे कमी.

पर्सनल केअरकडे वळू. तिथली तारीख म्हणजे घड्याळाचा काटा. २०१६ च्या ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी क्युअर्स कायद्याने मेडिकेडच्या पर्सनल केअरला इलेक्ट्रॉनिक व्हिजिट व्हेरिफिकेशन (व्हिजिटची इलेक्ट्रॉनिक नोंद), ईव्हीव्ही, लागू केलं. सहा गोष्टी नोंदल्या पाहिजेत: कोणती सेवा, कुणाला, कुणी दिली, कोणत्या तारखेला, कुठे, सुरू-शेवट किती वाजता. कायदा एवढंच मागतो. पत्ता सोडून किती फूट चालेल, हाताने दुरुस्ती किती वेळा चालेल, हे राज्य ठरवतं आणि भांडणं तिथेच होतात. एड, म्हणजे घरी जाणारी मदतनीस, आजोबांना घेऊन औषधाच्या दुकानात जाते, काम तिथेच संपतं, ती तिथूनच क्लॉक-आउट करते. सेवा खरी, वेळ खरी, पण जागा जुळत नाही म्हणून व्हिजिट अडकते. कुणी त्या आठवड्यात कारणाचा कोड टाकून ती मोकळी केली तर ठीक. नाहीतर क्लेममध्ये वेळेची सोळा युनिट आणि ईव्हीव्हीत बारा, की क्लेम नामंजूर. अडकलेल्या व्हिजिटची यादी रोज सकाळी बघावी. महिन्याच्या शेवटी बघितली तर एडला आठवतच नाही ती त्या दिवशी कुठे होती.

पगाराचं गणितही याच घड्याळावर. फेडरल श्रम खात्याच्या २०१३ च्या नियमाने एजन्सीतल्या एडना किमान वेतन आणि आठवड्याला ४० तासांपुढे दीडपट दर लागू केला. २०१५ मध्ये अपील कोर्टाने तो उचलून धरला. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाण्याचा वेळही कामाचा. जुलै २०२५ मध्ये खात्याने हे संरक्षण काढण्याचा प्रस्ताव मांडला, पण अनेक राज्यांचे स्वतःचे कायदे आहेत, त्यामुळे प्रस्तावाच्या बातमीवर पगारपत्रक बदलायला धावू नये. २०२४ च्या मेडिकेड नियमात आणखी एक अट आली: होममेकर, होम हेल्थ एड आणि पर्सनल केअर सेवांच्या रकमेतले ८० टक्के थेट काम करणाऱ्यांच्या मोबदल्यात गेले पाहिजेत. मुदत सहा वर्षांची. ताशी २६ डॉलर मिळाले तर २०.८० मोबदल्याचे, आणि उरलेल्या ५.२० मध्ये ऑफिस, विमा, सॉफ्टवेअर. हेतू चांगला आहे. पण वीस पेशंटांची एजन्सी आणि दोन हजारांची एजन्सी यांना तो सारखा पेलणार नाही.

मेडिकेडचा विषय निघालाच आहे तर: नर्सिंग होम ही त्यातली बंधनकारक सेवा आहे, घरातली देखभाल बहुतांशी ऐच्छिक. राज्याचं बजेट आवळलं की कात्री आधी कुठे लागते ते वेगळं सांगायला नको.

पुन्हा मेडिकेअरच्या वार्षिक फेऱ्याकडे. मसुदा साधारण जून-जुलैत येतो, अंतिम नियम नोव्हेंबरच्या सुरुवातीला, अंमल १ जानेवारीला. मधल्या दोन महिन्यांत मथळ्यातला टक्का विसरून दोन तक्ते उघडा: तुमच्या काउंटीचा वेज इंडेक्स (तिथल्या पगारमानानुसार दर बदलणारा आकडा), आणि गटांचे वजन (कोणत्या गटाला किती पैसे) व लूपाच्या नव्या पायऱ्या. वेज इंडेक्स एका वर्षात पाच टक्क्यांहून जास्त घसरू देत नाहीत, पण पाच टक्केही पुष्कळ झाले. आणि एक बारकावा: नवा दर कालखंड कधी सुरू झाला त्यावर नाही, कधी संपला त्यावर लागतो. ३ डिसेंबरला सुरू झालेल्या कालखंडाचा तिसावा दिवस १ जानेवारी, म्हणजे त्याला नव्या वर्षाचा दर आणि नवीच पायरी. २ डिसेंबरचा कालखंड जुन्यात. पेशंट ३१ डिसेंबरला डिस्चार्ज झाला तर ३ तारखेचाही जुन्यात. म्हणून नव्या पायऱ्या शेड्युलरच्या हातात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पडायला हव्यात.