बॉनेटखालची फुसफुस

'गाडीतून फुस्स आवाज येतोय' एवढंच सांगून गाडी गॅरेजात सोडली, की बिल कशाचंही होऊ शकतं. त्याआधी एवढं बघून ठेवा: आवाज गाडी स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता, इंजिन चालू) उभी असताना येतो, रेस दिल्यावर येतो, की इंजिन बंद केल्यावर? गाडी पेट्रोल आहे की डिझेल? आणि तापमानाचा काटा कुठे आहे?

काटा वर असेल किंवा बॉनेटच्या फटीतून वाफ निघत असेल, तर बाकीचं राहू द्या. इंजिन बंद करा आणि निदान अर्धा तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. ते झाकण साधारण ०.९ ते १.१ बार दाब धरून असतं, म्हणून आतलं कूलंट शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब उतरतो आणि ते सगळं क्षणात उकळून अंगावर येतं. गार झाल्यावर होज पाईपांचे सांधे, पाण्याचा पंप आणि रेडिएटरच्या कडा बघा. कूलंट सुकलेल्या जागी रंगीत किंवा पांढुरके ओघळ दिसतात. गरम सायलेन्सरवर थेंब पडले तरी असाच चुर्र आवाज येतो.

इंजिन बंद केल्यावर डॅशबोर्डच्या आतून थोडा वेळ फिस्स येत असेल, तर तो एसीचा गॅस आहे. दोन्हीकडचा दाब सारखा होतोय. सोडून द्या.

पेट्रोल गाडीत आवाज स्लोवर येतो आणि रेस दिली की विरतो, ही जुन्या गाड्यांमधली नेहमीची तक्रार. स्लोवर थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) जवळपास बंद असतो, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला) दाब बाहेरच्या हवेच्या जेमतेम तिसरा हिस्सा असतो. कुठे फट मिळाली की हवा तिथून आत ओढली जाते. थ्रॉटल उघडला की ही ओढ कमी होते आणि आवाजही.

शोधायला मीटरभर रबरी नळी पुरते. एक टोक कानाशी, दुसरं मॅनिफोल्डभोवती फिरवा. नळी आणि बाही दोन्ही पंखा-बेल्टपासून लांब. पहिल्यांदा पीसीव्ही पाईप बघा, म्हणजे क्रँककेसमधल्या (इंजिनाच्या खालच्या, तेलाच्या भागातल्या) वाफा मॅनिफोल्डमध्ये परत नेणारा. क्रँककेसमधल्या तेलाच्या वाफेने त्याचं रबर फुगून लिबलिबीत होतं किंवा सुकून तडकतं, आणि तडा नेमका वळणाच्या खालच्या बाजूला असतो. वरून पाईप ठणठणीत दिसतो. बोटांनी वाकवला की तडा तोंडासारखा उघडतो. मग ब्रेक बूस्टरचा (पेडल हलकं करणाऱ्या डब्याचा) पाईप, पर्ज व्हॉल्व्हची (टाकीतल्या पेट्रोलच्या वाफा इंजिनात सोडणाऱ्या झडपेची) बारीक नळी आणि मॅनिफोल्डची गॅस्केट (सांध्यातली पट्टी). पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी असेल, तर उंदराने कुरतडलेलं काही आहे का तेही बघा.

संशय आला की रबरी पाईप कापड गुंडाळलेल्या पकडीने क्षणभर दाबा. आवाज थांबला, तर गळती दाबलेल्या जागेच्या पलीकडे, म्हणजे मॅनिफोल्डपासून लांबच्या भागात. प्लास्टिकच्या नळ्या मात्र दाबू नका, तुटतात. गॅस्केटच्या कडेवर साबणाचं पाणी थोडंसं फवारा: फेस आत ओढला जातो आणि आवाज बदलतो. इथे कार्ब्युरेटर क्लीनर किंवा उदबत्तीचा धूर वापरायचा सल्ला सर्रास मिळतो. तापलेलं इंजिन आणि पेट्रोलच्या वाफा असताना दोन्ही नकोच.

गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर असेल तर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. स्लोवर शॉर्ट (तात्पुरता) आणि लाँग (टिकून राहिलेला) ट्रिम मिळून +२० टक्क्यांच्या आसपास आणि २५०० आरपीएमला +५ च्या आत, म्हणजे हवेची गळती जवळपास नक्की. रेसवर आकडा उलट वाढत असेल, तर पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर तपासा. पी ०१७१ कोड (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय असा इशारा) आला नाही म्हणून गळती नाही असं समजू नका. मॅप सेन्सरच्या (मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवा मोजणाऱ्या) गाड्यांत जादा आलेली हवाही मोजली जाते आणि त्या हिशेबाने पेट्रोल वाढतं. तिथे ७५०-८०० ची स्लो ११००-१२०० वर चढलेली दिसते.

पाईप बदलताना आतला व्यास मोजून तेल आणि उष्णता सोसणारा घ्या. इन्सुलेशन टेपचा गोंद तापून सुटतो. फक्त टोक कडक झालं असेल आणि लांबी पुरत असेल, तर सेंटिमीटरभर कापून पुन्हा बसवता येतं. क्लिप आवळताना जोर नको, प्लास्टिकची निपल (पाईप चढवायची तोटी) तुटली तर मॅनिफोल्डचा खर्च. गॅस्केट बदलली तर बोल्ट मधून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या ठरलेल्या जोरानेच).

ब्रेक दाबल्यावरच फुसफुस येते आणि पेडल कडक लागतं? इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा, पाय दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. गेलं नाही, तर पाईप, चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच बाजूने जाऊ देणारी झडप) किंवा बूस्टर यांतलं काहीतरी गेलंय. गाडी चालवत नेऊ नका, टो करा. इथे जाड, खास व्हॅक्यूमचाच पाईप लागतो. साधा पाईप ओढीने आतल्या आत चपटा होतो.

डिझेलचं गणित उलटं. आवाज चढावर, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) भरल्यावर येतो. सोबत काळा धूर आणि गेलेला पिकअप. कसारा किंवा खंबाटकी चढताना तिसरा गिअरही ओढेनासा झाला, तर टर्बो ते इंटरकूलर (ती हवा गार करणारी जाळी) आणि इंटरकूलर ते मॅनिफोल्ड हे दोन्ही होज काढून बघा. फाटलेल्या जागी तेलाचा ओलसर, धूळ चिकटलेला पट्टा असतो. आतून हलकासा तेलकटपणा चालतो, बाहेर नको. नवा होज बसवण्याआधी दोन्ही टोकं ब्रेक क्लीनरने कोरडी करा, नाहीतर पहिल्याच घाटात तो क्लिपमधून निसटेल.

डिझेलला स्लोवरच 'फच-फच' येत असेल, तर इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) बुडाशी बघा. डांबरासारखा काळा थर जमला असेल तर तांब्याचा वॉशर गेलाय. वॉशर स्वस्त आहे, पण इंजेक्टर चिकटून बसलेला असतो आणि खालची सीट (वॉशर टेकतो ती जागा) कटरने साफ केल्याशिवाय नवा वॉशरही टिकत नाही. हे काम घरी करू नका.