रेकॉर्ड आणि चित्रपुस्तिका : ३०० प्रती काढतानाचा अनुभव

ख्यालाची बारा इंची रेकॉर्ड, सोबत २४ पानांची चित्रपुस्तिका, प्रती ३००. धास्ती ध्वनीची होती, दमवलं कागदाने.

तरी ध्वनीचा एक पेच सांगायलाच हवा. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांना बाहेरची खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते, आतली जेमतेम २१. आत तेवढाच आवाज कमी लांबीत कोरावा लागतो. म्हणजे शेवटी येणारी, तानांनी भरलेली, चढ्या आवाजातली द्रुत नेमकी वाईट जागी येते आणि ‘स’, ‘श’ फाटतात. म्हणून बाजू १८ मिनिटांत संपवली, आतली जागा कोरी सोडली. डग्ग्याचा घुमारा मोनो, म्हणजे दोन्ही चॅनेलमध्ये सारखाच, ठेवला. डाव्या-उजव्या चॅनेलमध्ये तो उलट फेजने (एकीकडे लाट वर, दुसरीकडे खाली) गेला की खाच उथळ होऊन सुई उडते. चाचणीच्या पाच प्रती ऐकल्या. टिकटिक सगळ्यांवर एकाच जागी असेल तर दोष साच्यात, एकीवरच असेल तर त्या प्रतीपुरता.

पुस्तिका आधी ३०० मिलिमीटर चौरस आखली होती. २५×३६ इंची तावावर ब्लीड (कडेला कापून जाणारी जादा छपाई) धरून तिची दोनच जोडपानं (मधोमध दुमडायचे कागद) बसतात. २९० केल्यावर तीन बसली, आणि प्रतीमागे तीन तावांऐवजी दोन लागले. हे चित्रं काढायच्या आधी विचारायला हवं होतं. नंतर प्रत्येक चित्राची चौकट पुन्हा बसवावी लागली. कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, घडीला समांतर मागा. आडवा आला तर घडीवर शाई तडकते आणि पावसाळ्यात पानं वळतात.

गडद निळा स्क्रीनवर सुरेख दिसला, प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यावर, जांभळा. सायन (आकाशी) शाईपेक्षा मॅजेंटा (किरमिजी) किमान ३० टक्के कमी ठेवल्यावर तो निळा राहिला. प्रूफ मात्र प्रत्यक्ष वापरायच्या कागदावरच काढा; मॅपलिथो हा बिनलेपाचा कागद शाई पितो, गुळगुळीत लेपाच्या आर्ट पेपरवरचं प्रूफ तिथे उपयोगाचं नाही.

१७० जीएसएम (चौरस मीटरला १७० ग्रॅम) कागदात पुस्तिका भरते सुमारे १७० ग्रॅम, रेकॉर्ड १४०. दोन्ही एकाच खिशात घातल्या तर पिनांचा उंचवटा रेकॉर्डवर दाबतो, म्हणून गेटफोल्डचे, म्हणजे पुस्तकासारख्या उघडणाऱ्या कव्हरचे, दोन खिसे. पाठवताना रेकॉर्ड आतल्या पाकिटासकट कव्हरच्या बाहेर, मागे ठेवायची. आत राहिली तर खोका आपटताच तिची कड कव्हरची शिवण फाडते. बाहेरचं पारदर्शक पाकीट पॉलिथिनचं घ्या. मऊ पीव्हीसी उकाड्यात रेकॉर्डवर धुरकट डाग सोडतं, आणि ते पुसून जात नाहीत.