पेशीच्या पाठीवरचा दिवा

स्क्रीनवरच्या रेघा पहिल्यांदा थरथरल्या, तेव्हा मी शेजारच्या खोलीतल्या सगळ्यांना बोलावून आणलं. उंदराच्या गर्भातल्या मेंदूपेशी इलेक्ट्रोड बसवलेल्या डिशमध्ये वाढवून दोन आठवडे झाले होते. त्यात सीलेंटराझीन, म्हणजे उजेड निर्माण करण्यासाठी लागणारं रसायन, टाकलं आणि काही सेकंदांत न्यूरॉन (मेंदूपेशी) फायर व्हायला, म्हणजे विजेचे संकेत सोडायला लागले. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातला तो माझा सगळ्यात आनंदाचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डिशमध्ये सीलेंटराझीन वगळून नुसतं द्रावण टाकलं. रेघा अगदी तशाच थरथरल्या.

आम्ही काय करत होतो, ते आधी सांगते. 2005 मध्ये बॉयडन, डायसरॉथ आणि सहकाऱ्यांनी शेवाळातलं चॅनेलरोडॉप्सिन, म्हणजे प्रकाश पडला की उघडणारं दार असलेलं प्रथिन (चॅनेल), न्यूरॉनमध्ये घालून निळ्या प्रकाशाने न्यूरॉन चालवून दाखवले. पण मेंदूत खोलवर प्रकाश न्यायचा तर प्रकाश वाहून नेणारी बारीक फायबर खुपसावी लागते, आणि उजेड तिच्या टोकाजवळच्या पेशींपुरताच पोचतो. बर्गलुंड, होखगेश्वेंडर आणि ऑगस्टीन यांच्या गटाने 2013 मध्ये वेगळी वाट काढली. गॉसिया नावाच्या चिमुकल्या सागरी जीवाचं ल्युसिफरेज, म्हणजे उजेड देणारं प्रथिन, त्यांनी थेट चॅनेललाच जोडलं. या जोडप्रथिनाला ल्युमिनॉप्सिन म्हणतात. ल्युसिफरेज पेशीच्या बाहेरच्या अंगाला असतं. सीलेंटराझीन मिळालं की ते निळा उजेड देतं, त्या उजेडाने शेजारचं चॅनेल उघडतं, धन आयन आत शिरतात आणि न्यूरॉन फायर होतो. मला ही कल्पना आजही फार सुंदर वाटते.

आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे काजव्यांसारखंच ना गं?" तसंच, पण रसायन निराळं. काजव्याच्या ल्युसिफरेजला एटीपी (पेशीच्या आतलं ऊर्जा पुरवणारं रसायन) आणि मॅग्नेशियमही लागतं. गॉसियाचं ल्युसिफरेज सीलेंटराझीन आणि ऑक्सिजन एवढ्यावर भागवतं. पेशीच्या बाहेर एटीपी कुठून आणणार? म्हणून आमच्या कामाला तेच बरं.

तर त्या नुसत्या द्रावणाने न्यूरॉन का फायर झाले? पिपेटच्या धक्क्याने. वरून थंड थेंब पडला की पेशी दचकतात. मग द्रावण 37 अंशांवर आणून, पिपेटचं टोक डिशच्या कडेला टेकवून, थेंब-थेंब सोडायला शिकले. आता नुसतं द्रावण टाकल्यावर रेघा शांत राहायला लागल्या. सीलेंटराझीन टाकल्यावरही शांतच.

पुढचे तीन आठवडे मी व्हायरसला दोष देत होते, कारण ल्युमिनॉप्सिनचं जनुक पेशींमध्ये पोचवायचं काम त्याचं होतं. पण मायक्रोस्कोपखाली ल्युमिनॉप्सिनला जोडलेल्या चमकत्या खुणेमुळे पेशी पिवळ्या-हिरव्या चमकत होत्या, म्हणजे प्रथिन तयार होत होतं. शेवटी एका संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत दहा मिनिटं बसले, डोळे अंधाराला सरावू दिले, आणि शुद्ध ल्युसिफरेजच्या ट्यूबमध्ये आमचं सीलेंटराझीन टाकलं. काहीच दिसलं नाही. नव्या कुपीतलं टाकलं, तर बोटांमधली ट्यूब निळी झाली. उजेड क्षणात ओसरत गेला, पण पाहिला मी.

सीलेंटराझीन हवेने आणि उजेडाने खराब होतं, हे मी वाचलं होतं. तरी एकच कुपी पुन्हा पुन्हा वितळवून वापरत राहिले होते. आता कुपी आली की लगेच लहान-लहान वाटे करते, गडद ट्यूबमध्ये, उणे 80 अंशांवर. एक ट्यूब एकदाच. मंद लाल दिव्यातच हाताळायचं.

नंतर एका सकाळी तीन डिश शेजारी ठेवल्या. ल्युमिनॉप्सिन असलेल्या पेशींना सीलेंटराझीन. तशाच पेशींना नुसतं द्रावण. आणि ल्युमिनॉप्सिन नसलेल्या पेशींना सीलेंटराझीन, कारण त्या रसायनाचा स्वतःचाच काही परिणाम असेल तर तो इथे उघडा पडला असता. रेघा पहिल्या डिशमध्येच वाढल्या, काही मिनिटं टिकल्या आणि सीलेंटराझीन संपत गेलं तशा उतरल्या. या वेळी मी कोणालाही बोलावलं नाही. नवीन पेशी घेऊन तेच आणखी चार वेळा केलं, आणि मग मार्गदर्शकांच्या दारावर टकटक केली.