रंग तू भरतोस का रे?

लग्नामुंजीत भेटणारे सगळे माझ्या मोबाईलवरचा, ताऱ्यांमधल्या हायड्रोजन वायूच्या लालसर ढगाचा मी काढलेला फोटो बघून हेच विचारतात, परवा पंगतीत मावशीनेही विचारलं, "खरंच असा लाल असतो, की कॉम्प्युटरवर तू रंग भरतोस?" आता तुम्हीपण विचारलंत म्हणून सांगतो, हो, भरतो.

माझा कॅमेरा ब्लॅक अँड व्हाइट. पुढे जो फिल्टर लावतो तो फक्त 656.3 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा उजेड आत सोडतो, म्हणजे हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर उतरताना जो टाकतो तो, आणि तो गडद लालच असतो. फाइल करडी येते, मी तिला तिचा लाल परत देतो, बस. डोळ्यांना दिसत नाही कारण एकतर तो फार फिका, आणि अंधारात काम करणाऱ्या आपल्या पेशी लाल रंगाला जवळपास आंधळ्या.

हा ढग म्हणजे गम 15, वेला तारकासमूहातला. कॉलिन गम नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने 1955 मध्ये दक्षिणेकडच्या अशा ढगांची यादी छापली, बिचारा 1960 मध्ये स्कीइंग करताना गेला. इंदूरहून गम 15 जास्तीत जास्त 26 अंश वर येतो, म्हणजे डोक्यावरच्यापेक्षा सव्वादोनपट हवेतून बघायचं. निळा उजेड त्यात बराच गळतो, लाल टिकतो, म्हणून तर जमतं.

घरच्या गच्चीवरून दक्षिणेला नुसते दिवेच दिवे, त्यामुळे पौष अमावस्येच्या आगेमागे महूच्या पुढे जानापावला जातो, चंबळ उगम पावते ती टेकडी, तिथे इंदूर पाठीमागे राहतं. मध्यरात्री अगस्ती नैर्ऋत्येला कलला की हा ढग बरोबर दक्षिणेला. पाच-पाच मिनिटांच्या फ्रेम घ्यायच्या, एकीत बघाल तर धुतलेल्या सदऱ्यावर उरलेला चहाचा डाग, तीस-चाळीस एकावर एक रचल्या की मग कडा उठतात. यंदा लेन्सच्या हीटरची वायर निघाली होती हे मला दीड तासाने कळलं, तोवर काचेवर दव बसून सगळे तारे भिजल्या साबुदाण्यासारखे फुगलेले. डिलीट केल्या सगळ्या, आणि उजाडता उजाडता परत येऊन जीरावन मसाला मारके दोन प्लेट पोहे खाल्ले तेव्हा कुठे राग उतरला.

मावशीला मग ती मूळ करडी फाइल दाखवली. चष्मा वर करून बराच वेळ बघत होती, म्हणाली, "हीच बरी आहे की, उगाच कशाला रंगवत बसतोस."