वेट संप, अ‍ॅक्युम्युलेटर की ड्राय संप: माझ्या एमजीबीचा अनुभव

जुनी स्पोर्ट्स कार ट्रॅकवर पळवायची तर इंजिनाला तेल पोचवायची व्यवस्था कोणती हवी, हा प्रश्न माझ्यापुढे माझ्या एमजीबीने, या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारने, आणला. इंजिन 1798 सीसीचं, पाच मेन बेअरिंगवालं बी-सीरिज. ऑइल 20डब्ल्यू-50. गरम झाल्यावर सरळ पट्ट्यात तेलाचं प्रेशर, म्हणजे दाब, 60 पीएसआयच्या आसपास. रस्त्यावर या इंजिनाची कधी तक्रार नव्हती. कोइमतूरच्या करी स्पीडवेवर मात्र एका लांब वळणात प्रेशरचा काटा खाली आला, वळण संपताच परत वर गेला. क्रँक, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, वाचवायचा असेल तर हे तसंच सोडून चालणार नव्हतं.

क्रँक आणि बेअरिंग एकमेकांना घासत नाहीत ते मधल्या तेलाच्या पातळ थरामुळे. एमजीबीचं तेल इंजिनाखालच्या पसरट भांड्यात, म्हणजे संपमध्येच साठतं; हाच वेट संप. वळणात बाजूचा जोर 1 जी, म्हणजे वजनाइतका, झाला की संपमधलं तेल 45 अंशांत तिरकं होतं. साध्या खाचांच्या टायरवर 0.8 जी धरला तरी 39 अंश होतातच. तेल एका भिंतीवर चढतं, पिकअपची, म्हणजे पंपाच्या तेल ओढणाऱ्या नळीची, जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढायला लागतो. शिवाय आरपीएम जास्त असताना बरंच तेल वर हेडमध्ये असतं, आणि या इंजिनात ते पुशरॉडच्या भोकांतून सावकाश खाली उतरतं. मोठा पंप लावून यातलं काही सुटत नाही, कारण अडचण पंपाच्या आधीची आहे.

ज्याला विचारावं तो ड्राय संप सांगायचा. जग्वार डी-टाइप आणि मर्सिडीज 300 एसएलला 1954 मध्येच ड्राय संप होता, पोर्श 911 ला तर पहिल्यापासून. मलाही वाटत होतं की थोडा खर्च करावा आणि विषय संपवावा. तो विचार घेऊन कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांच्या बाकावर जुन्या कास्ट आयर्न बुलेटचं इंजिन उघडून ठेवलेलं होतं.

‘‘भाऊ, ड्राय संप म्हंजे हेच की,’’ त्यांनी क्रँककेसमधल्या तेलाच्या कप्प्यावर बोट ठेवलं. ‘‘तेल हितं राहतंय. एक पंप इंजिनाला देतोय, दुसरा खालनं गोळा करून परत हितं आणून टाकतोय. खाली तेल साठूच द्यायचं न्हाई. पण मला आधी सांगा, तुमचं प्रेशर पडतंय किती वेळ?’’

ते मला सांगता आलं नाही. काट्यावरून ते कळतही नाही. काटा संथ असतो आणि ड्रायव्हरची नजर वळणात दुसरीकडे असते. म्हणून मेन गॅलरीवर, म्हणजे इंजिनातल्या तेलाच्या मुख्य वाटेवर, इलेक्ट्रिक सेन्सर बसवला आणि नोंदी ठेवणाऱ्या लॉगरमध्ये प्रेशर, आरपीएम आणि बाजूचा जी एकाखाली एक घेतले. पुढच्या ट्रॅक डेनंतर आलेख उघडला तेव्हा चित्र साफ झालं. प्रेशर सगळीकडे पडत नव्हतं. ब्रेक मारून लगेच लांब वळणात शिरलं की पडायचं, तेही दोन सेकंदांच्या आत सावरायचं. पण तेवढ्या वेळात ते 20 पीएसआयच्या खाली जात होतं, आणि आरपीएम 5000 च्या वर होते. दर 1000 आरपीएमला 10 पीएसआय हा जुना ठोकताळा धरला तर तिथे 50 हवेत.

मग हिशेब केला. इंजिनातून मिनिटाला 20 लिटर तेल फिरतं असं धरलं, तर सेकंदाला साधारण 330 मिली. दोन सेकंदांची उणीव भरायला पाऊण लिटरच्या आतबाहेर तेल दाबाखाली तयार हवं. एवढ्यासाठी ड्राय संप लागतोच का, हा प्रश्न इथे पहिल्यांदा नीट उभा राहिला.

ड्राय संपला काय काय लागतं ते कागदावर मांडलं. दाबाचा एक आणि ओढून घेणारे एक-दोन टप्पे असलेला पंप; ओढणारे टप्पे मोठे, कारण त्यांना तेलाबरोबर हवाही ओढायची असते. पंप क्रँकवरून दातेरी पट्ट्यावर चालवायचा. हवा वेगळी होण्यासाठी उंच, अरुंद टाकी. जाड होज, उथळ संप. इंजिन एकदा फुटलं तर या सगळ्यातून धातूचा कीस धुऊन काढायचा. बिनखाचांच्या स्लिक टायरवर, लांब वेगवान वळणांत, 1 जीच्या बऱ्याच वर गाडी चालवायची असेल तर मी हे सगळं आनंदाने केलं असतं. तिथे याला तोड नाही. माझी गाडी त्या वर्गातली नाही. आणि मोटर शर्यतींची जागतिक संस्था एफआयएच्या, जुन्या गाड्यांसाठी असलेल्या अपेंडिक्स के नियमांत गाडी तिच्या काळातल्या रूपातच लागते. एमजीबीचा वेट संप बदलून पुढे त्या नियमांच्या शर्यतींचं दार बंद करणं मला पटेना.

म्हणून संप तोच ठेवला, पण आतून बदलला. पिकअपभोवती 1.6 मिमी पत्र्याची पेटी केली आणि तिच्या बाजूंना बिजागरीची छोटी दारं लावली. दारं फक्त आत उघडतात: तेल पिकअपकडे येतं, वळणात बाहेर पळायला गेलं की दार मिटतं. वर विंडेज ट्रे, म्हणजे फिरणारा क्रँक तेल घुसळून फेस करत नाही. वेल्डिंगला मिस्त्रींनी संप आधी जाड प्लेटवर सगळ्या बोल्टनी आवळून घेतला, नाहीतर उष्णतेने फ्लँज, म्हणजे संपची बोल्टची कड, वाकडा होतो आणि मग कुठलंही गॅस्केट तेल धरत नाही. पिकअपच्या जाळीखाली मातीचा गोळा ठेवून संप बसवला, काढला, आणि दबलेली माती मोजली: 8 मिमी. हे अंतर 6 ते 10 मिमीच्या दरम्यान हवं. शेवटी मिस्त्री प्रत्येक दार बोटाने हलवून, संप उलटा-तिरका करून बघत बसले. वेल्डिंगचा एक ठिपका बिजागरीला चिकटला असता तर सगळी मेहनत वाया गेली असती.

पहिली चाचणी इथेच, कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर. वळणं घट्ट आणि वेग कमी, पण डावं-उजवं पटापट येतं, त्यामुळे दारं काम करतात का ते लगेच कळतं. आलेख सपाट होता. करीवर मात्र त्या लांब वळणात थोडी घसरण उरलीच, आणि उरलेल्या त्या भागासाठी अ‍ॅक्युम्युलेटर घेतला, दोन क्वार्टचा, म्हणजे 1.9 लिटरचा.

ही वस्तू साधी आहे आणि मला मनापासून आवडते. नळकांड्यात एक सरकता पिस्टन, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला इंजिनाचं तेल. प्रेशर चांगलं असताना तेल आत शिरून हवा दाबतं. प्रेशर पडलं की हवा तेच तेल गॅलरीत ढकलते. रिकामं असताना हवा 7 ते 10 पीएसआय भरायची. होज आखूड आणि किमान अर्धा इंच आतून मोकळा. पंपाच्या बाजूला एकदिशा व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर साठवलेलं तेल उलटं पंपातून संपमध्ये जाईल. अ‍ॅक्युम्युलेटरच्या स्वतःच्या होजमध्ये मात्र तो लावायचा नाही, तिथे तेलाला दोन्हीकडे जाता आलं पाहिजे. आणखी एक फायदा म्हणजे स्टार्टर मारण्याआधी अ‍ॅक्युम्युलेटरच्या तोंडाचा, उघडमीट करायचा व्हॉल्व्ह उघडला की बेअरिंगना तेल आधी पोचतं. महिनाभर उभ्या राहणाऱ्या गाडीला हे फार मोलाचं आहे.

आता त्या वळणात प्रेशर 45 च्या खाली जात नाही. पुढचा तेरा ओळींचा ऑइल कूलर तसाच ठेवला, फक्त थर्मोस्टॅट घातला. तेल 100 अंशांच्या आसपास राहतं. डिपस्टिकवर नवी खूण केली आहे, अ‍ॅक्युम्युलेटर भरलेला असतानाची. गाडी बंद करण्याआधी आरपीएम जरा वर नेऊन व्हॉल्व्ह मिटतो, मगच चावी फिरवतो. तेल आत दाबाखाली राहतं आणि संपची पातळी खुणेवरच राहते. मदतनिसाला हाच क्रम डॅशबोर्डवर चिकटवून दिला आहे.