कोंड्याचा मांडा

पारावरच्या गप्पांत कापसाचा भाव आणि पाऊस हे दोन विषय आटोपले की तिसरा निघतो तो पोटाचा. ‘पोट साफ व्हयनं का?’ हे अहिराणीत जितक्या मोकळेपणाने विचारतात तितकं शहरी मराठीत कुणी विचारत नाही. तिथे ‘जरा गॅसेस आहेत’ म्हणायचं आणि औषधाच्या दुकानात आवाज खाली आणून चूर्णाची डबी मागायची. खेड्यात उत्तरही सविस्तर मिळतं, कधीकधी नको तितकं. पण त्यातच निदान असतं. ‘शेळीच्या लेंड्यांसारखं होतं’ असं एखादे बाबा सांगतात, तेव्हा ते डॉक्टर मळाचा प्रकार ओळखायला वापरतात त्या ब्रिस्टलच्या तक्त्यातला पहिला प्रकार सांगत असतात. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या तक्त्यात सात चित्रं आहेत: पहिलं सुट्या लेंड्यांचं, दुसरं गाठीगाठींचं, तिसरं-चौथं निरोगी, पुढची पातळ होत जाणारी. पहिली दोन म्हणजे बद्धकोष्ठ.

रोज सकाळी झालंच पाहिजे, नाहीतर दिवस वाया, हा मात्र आपला हट्ट. दिवसातून ३ वेळा ते आठवड्यातून ३ वेळा, एवढा मोठा पल्ला ठीकठाक माणसांचा असतो. दिवसाआड होतंय पण मऊ आणि विनासायास होतंय, तर ती तक्रार नाही. रोज होतंय पण कपाळाच्या शिरा ताणून, तर ती आहे.

आता कोंड्याकडे येऊ. मराठीत कोंडा आणि कोंडणं हे शब्द शेजारी नांदतात, आणि पोटाच्या बाबतीत त्यांचं नातं अगदी उलटं आहे: कोंडा गेला की पोट कोंडतं. गरिबीत निभावून नेणाऱ्या बाईचं कौतुक ‘कोंड्याचा मांडा करणारी’ असं होतं. खानदेशात मांडा हा नुसता वाक्प्रचारातला नाही, तो खापरावर भाजून पानात पडतो. हातावर झेलत पसरवलेला, आरपार दिसेल इतका पातळ. त्यासाठी पीठ कापडातून गाळून घेतात, कोंड्याचा कणही राहता कामा नये. राहिला तर पारी फाटते. सणाला हे शोभतं, आणि आत पुरणाची हरभऱ्याची डाळ असल्यामुळे मांडा अगदीच निर्दोष नसला तरी अगदीच दोषी नाही. गडबड होते ती रोजच्या पिठाला मांड्याचे संस्कार करण्यात.

१०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू, म्हणजे फायबर, असतात, अख्ख्या गव्हाच्या पिठात ११ च्या आसपास, बाजरीतही तितकेच. पॉलिश केलेल्या तांदळात आणि मैद्यात जेमतेम ३. मोठ्या माणसाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम लागतात. हे तंतू पचत नाहीत हाच त्यांचा गुण. ते पाणी धरून ठेवतात, मळाला आकारमान देतात. आतडं भरल्यासारखं झालं की ताणलं जातं आणि पुढे ढकलतं. ढकलायला काही नसेल तर ते ढकलणार काय? घरी धान्य सुपात नीट पाखडून, खडे निवडून दळायला दिलं असेल, तर पीठ चाळायचं कारण जाळी-किडीपुरतंच उरतं. चाळलंच तर चाळणीत राहिलेला भरडा परत परातीत टाकावा. पांढऱ्याशुभ्र भाकरीचं कौतुक करणाऱ्या पाहुण्यांना तो दिसत नाही. गोठ्यातल्या म्हशीला मात्र तो रोज मिळतो, आणि म्हशीची बद्धकोष्ठाची तक्रार क्वचितच ऐकू येते.

खानदेशाने हा प्रश्न फार पूर्वी सोडवून ठेवलाय, त्याचं नाव कळण्याची भाकरी. चार भाग ज्वारी, दादर जातीची मिळाली तर उत्तम, एक भाग अख्खे काळे उडीद, आणि जाडं मीठ, असं एकत्रच दळून आणायचं. सालासकट उडीद म्हणजे १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या घरात तंतू. साल काढलेल्या उडीद डाळीत ते १२ वर येतात. म्हणून ‘पीठ काळपट दिसतं’ म्हणून डाळ वापरणाऱ्यांनी भाकरीचा रंग सुधारला, बाकी काही नाही. ज्वारीच्या पिठाची विरी गेली की भाकरी थापताना कडा चिरतात. कळण्यात उडदाचा चिकटपणा ती उणीव भरून काढतो. पीठ कोमट पाण्याने मळावं, घट्टसर गोळा घ्यावा, भाकरी नेहमीपेक्षा जाड थापावी, पाण्याचा हात फिरवून तव्यावर टाकावी आणि नंतर निखाऱ्यावर किंवा गॅसच्या जाळीवर शेकावी. उडीद चाराला एकच्या वर नेले की भाकरी चिवट होते आणि सवय नसलेल्याचं पोट दुपारपर्यंत ढोलासारखं वाजतं. ७० ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली तर दोन भाकऱ्यांत १६-१७ ग्रॅम तंतू येतात. सोबत कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, पातीचा कांदा, वरून कच्चं तेल. एका जेवणात दिवसाच्या गरजेतलं निम्म्याहून जास्त काम उरकतं.

याच्या समोर रात्रीची खिचडी ठेवून बघा. खानदेशातल्या कित्येक घरांत तिन्हीसांजेला दुसरं काही शिजतच नाही. १०० ग्रॅम तांदूळ आणि ५० ग्रॅम तूरडाळ धरली तर सगळे मिळून सात-साडेसात ग्रॅम तंतू, तेही पापड-तेलाच्या साथीने. खिचडी सोडा असं सांगणाऱ्याला या भागात कुणी दारात उभं करणार नाही, आणि करूही नये. तुरीऐवजी कधी सालाची मुगाची डाळ घाला, तांदूळ-डाळ निम्मे-निम्मे करा, ताटात काकडी नाहीतर मुळा असू द्या, भागलं. शेवभाजीवर मात्र उगाच आळ येतो. बेसन मुळात तंतूंचं वाईट नाही आणि तिखटाने बद्धकोष्ठ होत नाही. कडक मळाने आधीच चीर पडली असेल तर तिखट दुसऱ्या दिवशी तिथे झोंबतं, म्हणून दोष मिरचीच्या नावावर जातो. खरा दोष शेवभाजीबरोबर पोत्याने जाणाऱ्या पावाचा.

तंतू वाढवताना घाई नको. सोमवारी मैद्याचं सोडलं आणि मंगळवारी दोन वेळा कळणा, मटकी, कोबी सुरू केलं की बुधवारी माणूस ‘मला हे मानवत नाही’ म्हणून मोकळा होतो. आतड्यातल्या जिवाणूंना नवा खुराक अंगवळणी पडायला दोन-तीन आठवडे लागतात. आधी एका जेवणातली पोळी बदलावी, आठवड्याने दुसऱ्या जेवणातली.

आणि पाणी. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर जातो. घामावाटे पाणी गेलं की शरीर ते मोठ्या आतड्यातून वसूल करतं. मोठ्या आतड्याचं कामच मळातलं पाणी शोषून घेणं. जितकं कमी प्याल तितकं ते पिळून घेतं, ओलं धोतर पिळावं तसं. अशा वेळी नुसते तंतू वाढवले आणि पाणी तेवढंच ठेवलं तर मळ मऊ होण्याऐवजी गच्च बसतो. उन्हाळ्यात अडीच-तीन लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे, शेतात राबणाऱ्याला त्याहूनही जास्त. ताक, वरणाचं पाणी, कलिंगड हे सगळं त्यात धरावं. लघवी फिकट पिवळी असेल तर हिशेब जमला. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र लिटर डॉक्टरांनाच विचारून ठरवावेत.

हा पाण्याचा उपदेश बायकांना करताना जीभ जरा आवरावी. कापूस वेचायला गेलेल्या बाईला सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत आडोसा नसतो. एसटी स्टँडवरच्या शौचालयात पाय ठेववत नाही. शाळकरी मुलीही त्याच कारणाने दिवसभर बाटली उघडत नाहीत. त्या पाणी विसरत नाहीत, त्या ठरवून पीत नाहीत. आणि आलेली कळ दाबणं तर पाणी न पिण्याहून वाईट. मळ गुदाशयात येऊन थांबला, आपण ‘आत्ता नको’ म्हटलं, की तो परत सुकू लागतो. रोज असंच झालं तर गुदाशय सैलावतो, ताणाची खबर द्यायची त्याची सवयच बोथटते, आणि मग वेळ असूनही कळ येत नाही. एवढ्यासाठी चूर्णाची जाहिरात नको, बांधावर चार तट्ट्यांचा आडोसा हवा.

केळ्याचं प्रकरण इथे टाळता येणार नाही. केळीच्या बागांतच वाढलेल्या रावेर-यावलच्या माणसाला केळं काय करतं हे सांगायला निघणं म्हणजे जरा धाडसच. तरी सांगतो. ‘केळं बांधतं’ आणि ‘केळं साफ करतं’ ही दोन्ही वाक्यं खरी आहेत, फक्त केळी वेगवेगळी. कच्च्या केळ्यात न पचणारा स्टार्च आणि तुरटपणा भरपूर, म्हणून जुलाबात कच्च्या केळ्याची भाजी देतात. पिकताना त्या स्टार्चची साखर होते, तुरटपणा जातो. रायपनिंग चेंबरमधून, म्हणजे केळी पिकवायच्या बंद खोलीतून, आलेलं केळं वरून पिवळंधमक दिसतं पण देठ हिरवट आणि गर कडक असतो. ते दोन दिवस टांगून ठेवावं, सालीवर तपकिरी ठिपके आले की खावं. पोटासाठी ठिपक्यांचंच केळं. तरीही एका केळ्यात तंतू अडीच-तीन ग्रॅमच, पेरू त्याच्या कितीतरी पुढे. बिया न थुंकता खाल्ला तर.

जवस अख्खे गिळले तर जसे गेले तसे बाहेर येतात. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून, गार करून कुटावेत, लसूण-मिरची-मीठ घालून चटणी करावी, रोज एक मोठा चमचा पुरे. महिनाभराची एकदम कुटून ठेवली तर तेल खवट होतं. काळे मनुके १०-१२ किंवा सुकी अंजिरं दोन, रात्री भिजवून सकाळी पाण्यासकट. अंबाडी, पोकळा, मेथी, घोळ यांची भाजी रोज वाटीभर. देठं कोवळी असतील तर फेकू नयेत.

इतकं करूनही अडलं तर इसबगोल. हे गुजरातच्या उत्तर भागात पिकणाऱ्या एका रोपाच्या बियांचं साल, म्हणजे पुन्हा कोंडाच, बाजारातून विकत आणलेला. दोन चहाचे चमचे, पूर्ण पेलाभर पाण्यात ढवळून ताबडतोब प्यावं. दोन मिनिटं रेंगाळलात तर पेल्यात खळ तयार होते आणि ती घशाखाली उतरत नाही. तीच खळ आतड्यात व्हायला हवी, म्हणून वर आणखी अर्धा पेला पाणी. कोरडं फक्की मारून घोटभर पाण्यावर ढकलणं धोक्याचं, ते घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतं. इतर गोळ्या असतील तर दोन तासांचं अंतर ठेवावं. आणि आज रात्री घेतलं म्हणून उद्या सकाळीच चमत्कार मागू नये, त्याला एक ते तीन दिवस लागतात.

सोनामुखीची चूर्णं याच्या उलट. रात्री घ्या, सहा ते बारा तासांत पोटात मुरडा मारून काम फत्ते. एरंडेल त्याहून घाईचं. ही आतड्याला टोचणारी औषधं. अधूनमधून ठीक, वर्षानुवर्षं रोज नव्हेत, आणि गरोदर बाईला एरंडेल कधीच नाही. डबीवर ‘नैसर्गिक’ लिहिलेलं असतं, ते खरंही असतं. उलटून बारीक अक्षरांत सोनामुखी किती आहे ते वाचावं. मशेरीचंही तसंच. ‘लावल्याशिवाय होत नाही’ हे बायका खोटं सांगत नाहीत, निकोटीन आतड्याला खरोखर चाळवतं. पण तो तंबाखूच, आणि तोंडाचा कर्करोग पोट साफ झालं का हे विचारत बसत नाही.

लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या, काही खोकल्याची औषधं, थायरॉइड मंद असणं, यानेही पोट अडतं. तिथे मनुक्यांचा इलाज चालत नाही, डॉक्टरांना गोळ्यांची यादी दाखवावी लागते. रक्त पडणं, वजन उतरणं, पन्नाशीनंतर अचानक सवय बदलणं यात घरगुती काही करू नये. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वाराही सरत नसेल तर त्याच रात्री दवाखाना गाठावा, एरंडेलाची बाटली उघडू नये.

राहता राहिली बसण्याची गोष्ट. उठल्यावर आणि काही खाल्ल्यावर आतडं आपोआप चाळवतं, म्हणून न्याहारीनंतरचा अर्धा तास मोकळा ठेवावा. कोमट पाणी, चहा, शिळ्या भाकरीचा कुस्करा ताकात, काहीही चालेल, पण पोटात काहीतरी पडू द्यावं. बसल्यावर दहा मिनिटांत झालं नाही तर उठावं; मोबाइल घेऊन अर्धा तास बसणाऱ्यांना शेवटी मूळव्याध भेटते. उकिडवं बसलं की गुदद्वाराला वेढा घालून बसलेला स्नायू सैल पडतो, वाट सरळ होते. आता गुडघ्यांपायी घरोघर कमोड आले, त्यावर पाय लोंबकळतात आणि तो वेढा घट्ट राहतो. पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचं काहीतरी हवं. जेवायचा जुना पाट त्यासाठी नेऊ नका. एक तर तो दोन-तीन इंचांचाच असतो, आणि दुसरं म्हणजे घरात कुणाला कळलं तर त्यावर पुन्हा कुणी बसणार नाही. बाजारात बुटकं प्लास्टिकचं स्टूल मिळतं. नाहीतर प्रत्येक पायाखाली दोन विटा, आडव्या, एकावर एक. गोणपाट गुंडाळून घ्या, म्हणजे म्हाताऱ्या माणसांचा पाय घसरणार नाही.