पालकाची सही

ऑगस्टचा तिसरा आठवडा म्हणजे आमच्या ऑफिसात लग्नघर. फक्त आलेल्यांपैकी कोणी हसत नसतं. सोमवारी सेमिस्टर सुरू होणार आणि गुरुवारी दुपारी साडेचारला खिडकीबाहेर तीसेक पोरं उभी. कुणाचा सरकारी मदतीचा फॉर्म अडकलाय, कुणाच्या वडिलांना पासवर्ड आठवत नाही, कुणाला आपण फॉर्म भरलाय की नुसतंच अकाउंट उघडलंय याचाच पत्ता नाही. कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या जवळपास एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, मी फायनान्शियल एडचं, म्हणजे विद्यार्थ्यांच्या आर्थिक मदतीचं काम करते, अकरा वर्षं झाली. ही गोष्ट २०२४ची. विद्यार्थ्यांच्या फायलीतलं बाहेर बोलायला कायद्याने बंदी आहे आणि ते बरोबरच आहे, म्हणून मुलीचं नाव आणि दोन-चार खुणा बदलल्यात. तिला मारिसोल म्हणू.

मंडळाच्या गणपतीत मला हमखास एक प्रश्न येतो. "कम्युनिटी कॉलेजची फी ती केवढी! तिला कसली आलीये मदत?" प्रश्न वाजवी आहे. कॅलिफोर्नियात ही फी युनिटला ४६ डॉलर; युनिट म्हणजे अभ्यासक्रम मोजायचं माप. पूर्णवेळ म्हणजे १२ युनिट धरले तर सेमिस्टरचे ५५२ झाले, आणि कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना राज्य सरकार तेही माफ करतं. पण फी माफ झाली म्हणून घरभाडं थांबत नाही. पेट्रोल आहे, पुस्तकं आहेत, दुपारचं जेवण आहे. या भागात एका खोलीचं भाडं ऐकून पुण्याची माणसं गप्प होतात. केंद्र सरकारची पेल ग्रँट त्या वर्षी जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती. ती परत करायची नसते, आणि आमच्याकडे फी आधीच माफ असल्यामुळे बहुतेक वेळा ती सरळ विद्यार्थ्याच्या खात्यात जाते. अर्धी ऑगस्टच्या सेमिस्टरला, अर्धी जानेवारीच्या.

पैसे खात्यात जातात म्हणूनच चोरही येतात. दुसऱ्याची नावं आणि नंबर वापरून ऑनलाइन वर्गात प्रवेश घ्यायचा, एखादा गृहपाठ टाकायचा, ग्रँट उचलायची आणि गायब व्हायचं. इंग्रजीत त्यांना घोस्ट स्टुडंट म्हणतात. मी घरी सरळ भुतं म्हणते. एका वर्गातल्या चाळीस जागांपैकी दहा-बारा भुतांनी अडवल्या की खरी मुलं प्रतीक्षायादीत बसतात. त्या उन्हाळ्यात आम्ही सगळेच प्रत्येक फाइल उजेडात धरून बघत होतो. नवरा म्हणायचा, तू हल्ली वाण्याच्या बिलाकडेही तशीच बघतेस.

तर मारिसोलची फाइल. वय एकोणीस. मदतीचा निर्देशांक (जितका कमी तितकी गरज जास्त) उणे १,५००, म्हणजे त्याहून खाली जाताच येत नाही, पूर्ण ग्रँट पक्की. पालक एकच, उत्पन्न किरकोळ. आणि पालकाचं जन्मसाल १९५१. मुलीचं २००५. चोपन्न वर्षांचा फरक. मुलगी दत्तक असू शकते, पण वडिलांची माहिती नाही, फोन नंबर नुकताच बदललेला, आणि त्याच आठवड्यात मी अशा आठ फायली पकडल्या होत्या. मी नोट टाकली: "वयात ५४ वर्षांचा फरक. संशयास्पद. पैसे रोखावेत." सिस्टिममधून तिला ठरावीक साच्याचं पत्र गेलं. पुढची फाइल उघडली.

त्या गुरुवारी ती खिडकीशी आली तेव्हा हातात एक मोठी प्लॅस्टिकची झिपवाली पिशवी होती आणि मागे एक ठेंगणी बाई, केसांचा घट्ट अंबाडा, हॉटेलच्या लाँड्रीत चाळीस वर्षं घालवलेले हात. हे नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच दिसलं की १९५१ साल माझ्यासमोर उभं आहे आणि ते भूत नाही.

"मिस, तुम्ही मला खोटारडी म्हटलंय का?" मारिसोलने पत्र काचेला लावलं.

मी दोघींना आत घेतलं.

मराठीत आपण फॉर्मवरच्या 'पॅरेंट'ला बेधडक पालक म्हणतो. इथल्या मराठी आईवडिलांना फोनवर समजावताना मीही म्हणते, "पालकांचं अकाउंट वेगळं काढा." आणि तिथेच घोळ होतो. पालक म्हणजे पाळतो तो. आपल्या शाळांतल्या 'पालकाची सही' या ओळीवर काका, आत्या, आजोबा, कोणीही सही करत आलंय. माझ्या प्रगतिपुस्तकावर सातवीपर्यंत आजीची सही आहे, मोडीच्या वळणाची, आणि बाईंनी कधी हरकत घेतली नाही. या फॉर्मला पालक नको असतो. त्याला जन्म दिलेले किंवा कायद्याने दत्तक घेतलेले आईवडील हवे असतात. सावत्र आई किंवा बाप लग्नाने आलेला असेल तर चालतो. आजी चालत नाही. सोळा वर्षं सांभाळलं तरी चालत नाही.

मारिसोलने पॅरेंटच्या जागी आजी लिहिली होती. दुसरं कोण लिहिणार? आजीने स्वतःचं अकाउंट काढलं, संमती दिली, आयकर खात्याकडून २०२२चे आकडे आपोआप आले. नाव, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी नंबर जुळतात का हे यंत्रणा तपासते. नातं तपासत नाही. त्या वर्षीचा फॉर्म नवा, 'सोपा' केलेला होता. एरवी १ ऑक्टोबरला उघडणारा तो डिसेंबर २०२३च्या अगदी शेवटी उघडला, आणि नातवंडं-आज्या या भानगडीत तो काही फारसा सोपा झालेला नव्हता.

मारिसोल तीन वर्षांची असताना आई सोडून गेली. आधी नेवाडात, मग कुठे ते माहीत नाही. जन्मदाखल्यावर बापाचं नाव नाही. कोर्टाने आजीला कायदेशीर पालक नेमलं असतं, तर काम एका कागदात झालं असतं. पण कोर्टात कोणी गेलंच नव्हतं. कोण जातं?

"फॉर्मवर एक प्रश्न होता," मी म्हटलं. "काही असामान्य परिस्थितीमुळे तुम्ही आईवडिलांशी संपर्क करू शकत नाही, असं आहे का? तू 'नाही' लिहिलंस."

"कारण असामान्य काही नाहीये, मिस. आमच्या घरी नेहमी असंच असतं."

यावर मी काय बोलणार होते? त्या प्रश्नाला 'हो' म्हटलं असतं तर यंत्रणेने तिला तात्पुरतं स्वतंत्र, म्हणजे आईवडिलांची माहिती न लागणारी विद्यार्थिनी, धरलं असतं आणि शेवटचा निर्णय आमच्याकडे आला असता. प्रश्न लिहिणाऱ्याला वाटलं असेल, ज्याची आई निघून गेली त्याला ते असामान्य आहे हे माहीत असणारच.

माझ्या टेबलामागे भिंतीवर चार ओळींचा कागद चिकटवलेला आहे. आईवडील पैसे द्यायला नकार देतात, आईवडील माहिती द्यायला नकार देतात, आईवडील करात मूल दाखवत नाहीत, मूल स्वतःचा खर्च स्वतः भागवतं. या चारही कारणांनी विद्यार्थी स्वतंत्र ठरत नाही, एकट्याने नाही आणि मिळूनही नाही. वर्षाला निदान पन्नास मुलांना मी तो कागद दाखवते, आणि त्यातली निम्मी माझ्याकडे असं बघतात की जणू तो नियम मी काल रात्री बसून लिहिलाय. ओळखीच्या घरांतूनही असेच फोन येतात. मुलगा एच-४ व्हिसावर, म्हणजे इथे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाला मिळतो त्यावर, इथल्याच शाळेत पहिलीपासून शिकलेला, आणि त्याला केंद्राची एक दमडी मिळत नाही हे बारावीत कळतं. ग्रीन कार्ड असेल तर मिळते. मी सांगते आणि फोन ठेवला की पाणी पिते.

सोडून जाणं मात्र त्या चार ओळींत बसत नाही. ते खरं असामान्य कारण आहे, फक्त कागद लागतो. मारिसोलने पिशवी टेबलावर उलटी केली.

बालवाडीचं लसीकरणाचं कार्ड. शाळेतल्या मोफत जेवणाचे अर्ज, दर वर्षीचा एक. सहलीची परवानगीपत्रं. आणीबाणीत कुणाला फोन करायचा ती पिवळी कार्डं. दात पडल्यावर शाळेच्या नर्सने पाठवलेली चिठ्ठी. प्रत्येकावर तीच एक सही, सुरुवातीची थरथरती, मधली जोरकस, शेवटची पुन्हा थरथरती. 'पॅरेंट ऑर गार्डियन' या ओळीवर. जेवणाच्या एका अर्जावर तेलाचा डाग होता आणि आजीने तो झाकायला बोट ठेवलं.

मी कागद लावत बसले. वैद्यकीय विम्याचं पत्र आणि विजेचं बिल उपयोगाचं होतं, तिचा पत्ता आईपासून वेगळा असल्याचं त्यावरून दिसतं. शाळेच्या समुपदेशकाचं पत्र मागवायचं. तिचा आणि माझा आत्ताचा संवादही मी लिहून काढला की पुरावा म्हणून चालतो. सहलीची परवानगीपत्रं नियमाप्रमाणे कशालाच लागत नाहीत. तरी मी त्यांची झेरॉक्स काढली.

"आईशी शेवटचं बोलणं कधी झालं?"

ती थांबली. "वाढदिवसाला चाळीस डॉलर पाठवले होते. फोनवर. मी थँक यू पाठवलं, तर नंबर बंद."

हे तिने सांगितलं नसतं तर फाइल स्वच्छ होती. पेन हातात धरून मी किती वेळ बसले माहीत नाही. शेवटी लिहिलं, चाळीस डॉलर आणि बंद नंबर दोन्ही. न लिहिता मंजूर करून घेतलं असतं आणि उद्या कुणी तपासलं असतं, तर पैसे तिला परत करावे लागले असते, मला नाही.

मग अवघड काम. फॉर्म दुरुस्त करायचा म्हणजे असामान्य परिस्थितीला 'हो' करायचं आणि पालकाचा भाग काढून टाकायचा. आजीला हे सांगणं भाग होतं, कारण सही तिची होती. माझं स्पॅनिश खिडकीवर शिकलेलं, फीपुरतं आणि रांगेपुरतं. मी मारिसोलला म्हटलं, "आजीला सांग, सरकारच्या हिशेबात त्या तुझ्या पॅरेंट नाहीत, म्हणून त्यांचं नाव काढावं लागेल."

मारिसोल आजीकडे वळली. "या नो तिएनेस के फिर्मार, आबुएलिता." आता तुला सही करायची गरज नाही, आजी.

तेवढं स्पॅनिश मला येतं. मी काही बोलले नाही. आजीने माझ्याकडे पाहिलं, मग नातीकडे, मग स्क्रीनवर आपलं नाव होतं त्या जागी. ते नाव एका क्लिकसरशी नाहीसं झालं. तिने पर्स उघडून चष्मा काढला, पुसला आणि काहीतरी विचारलं.

"ती विचारतेय, कुठेच नाही का करायची?"

करायची होती. सांभाळणाऱ्या व्यक्तीचं निवेदन फायलीला जोडता येतं. एरवी मी छापील फॉर्म देते. त्या दिवशी कोरा कागद दिला, कारण छापील फॉर्मच्या सहीच्या ओळीखाली 'थर्ड पार्टी', म्हणजे तिऱ्हाईत, असं लिहिलेलं आहे. आजीने स्पॅनिशमध्ये अकरा ओळी लिहिल्या, दोनदा खोडून. सही केली, खाली तारीख घातली आणि तारखेखाली पुन्हा सही केली. सहा वाजून गेले होते. बाहेरची रांग सहकाऱ्यांनी कशीबशी आवरली होती आणि माझ्यावर सगळे रीतसर चिडले होते.

समुपदेशकाचं पत्र पुढच्या मंगळवारी आलं. माझ्या बॉसने फाइल वाचून एवढंच विचारलं, "चाळीस डॉलरचं तूच लिहिलंस?" मी हो म्हटलं. वाढदिवसाचे चाळीस डॉलर म्हणजे संपर्क नव्हे, असं तिने समासात लिहिलं आणि मंजुरी दिली. पैसे सप्टेंबर संपताना खात्यात गेले. त्यातून पहिल्यांदा गाडीचे ब्रेक बदलले, असं मारिसोलने खिडकीशी येऊन सांगितलं. नर्सिंगला जायच्या आधी लागणारी अ‍ॅनाटमी ती तेव्हा करत होती आणि हाडांच्या नावांनी बेजार झाली होती.

एकदा असा निर्णय दिला की पुढच्या वर्षी त्याच कॉलेजात विद्यार्थ्याला पुन्हा पुरावे द्यावे लागत नाहीत. काही बदललं नसेल तर तोच निर्णय चालू राहतो. म्हणून २०२५च्या उन्हाळ्यात तिची फाइल मी एकटीनेच उघडली, पिशवी नाही, आजी नाही, दोन मिनिटांचं काम. आमच्या सिस्टिममध्ये नोटा जुन्या आधी, नव्या नंतर अशा दिसतात आणि एकदा टाकलेली नोट कुणालाच पुसता येत नाही. फाइल उघडली की पहिली ओळ माझ्या नावाने येते: वयात ५४ वर्षांचा फरक, संशयास्पद. त्याखाली मी नवी नोट टाकली, की मागच्या वर्षीचा निर्णय कायम. मग जेवणाच्या त्या अर्जाची झेरॉक्स उघडून पाहिली. तेलाचा डाग काळा उमटलाय आणि त्यावर बोट आहे.